तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एमा’ पुन्हा पुन्हा का वाचावी?

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते की, इतरांची लग्ने जुळवत बसणाऱ्या एका श्रीमंत, आगाऊ मुलीची कथा पुन्हा पुन्हा काय वाचायची? माझे उत्तर एमा वुडहाउसपेक्षा मिस बेट्सविषयी अधिक आहे.

हायबरी या कथेतल्या गावाच्या दिवंगत पाद्र्यांची ही अविवाहित मुलगी वृद्ध आईसह तुटपुंज्या उत्पन्नात राहते आणि अखंड बोलते. आईचा चष्मा, भाजलेली सफरचंदे, भाचीचे पत्र, सारे एका दमात. पहिल्या वाचनात ही पाने आपण भराभर उलटतो, कारण निवेदन एमाच्या मनाला इतके चिकटून चालते की तिचा कंटाळा आपलाच वाटू लागतो. वास्तविक गावात पाहुणा आलेला तरुण फ्रँक चर्चिल आणि मिस बेट्सची हीच भाची जेन फेअरफॅक्स यांच्या गुप्त वाङ्निश्चयाच्या खुणा ऑस्टिनने याच बडबडीत पेरल्या आहेत. डॉक्टरकी करणारे पेरी घोडागाडी घेणार असल्याची बातमी फ्रँक बोलून जातो, आणि ती कशी कळली हे सांगता न आल्याने स्वप्नावर ढकलतो. ती बातमी बेट्स आणि कोल या दोनच घरांना ठाऊक होती, हे मिस बेट्स तिथेच सांगते; म्हणजे फ्रँकला ती जेनकडूनच कळलेली असणार. एमाचा जुना स्नेही नाइटली सावध होतो. एमाच्या मात्र काहीच लक्षात येत नाही.

म्हणूनच बॉक्स हिलच्या सहलीचा प्रसंग मला १८१५ च्या या कादंबरीचा गाभा वाटतो. तिथे खेळ ठरतो की प्रत्येकाने एक चतुर, दोन बऱ्यापैकी चतुर किंवा तीन कंटाळवाण्या गोष्टी बोलायच्या. तीन कंटाळवाण्या गोष्टी तर मी तोंड उघडताच बोलेन, असे मिस बेट्स भाबडेपणाने म्हणते, आणि एका वेळी तीनच बोलायची अट तुम्हाला जड जाईल, असे एमा सर्वांदेखत सुनावते. तोवर मिस बेट्सला हसत आलेल्या वाचकालाही ते लागते. नाइटलीने नंतर एमाची केलेली कानउघाडणी शिष्टाचारापुरती नाही: मिस बेट्स एमाच्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती गरीब आहे आणि उतारवयात अधिकच गरीब होईल, हा त्याचा मुद्दा आहे. विनोदाचा हक्क कोणाला परवडतो, हा प्रश्न ऑस्टिन इतक्या रोखठोकपणे विचारते.

दुसऱ्या दिवशी एमा बेट्सांच्या घरी जाते, पण ऑस्टिन तिच्या तोंडी क्षमायाचना घालत नाही. मला हे फार योग्य वाटते, कारण शब्दांत मागितलेल्या क्षमेने मिस बेट्सवर ती मोठ्या मनाने देण्याचे आणखी एक ओझे पडले असते. त्याऐवजी एमा या वेळी तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेते.