एका झाडाचा एकच बहर

२८ मे, नागपूर

परवा ऑफिसात बढतीचं पत्र हातात पडलं. सोबत वर्ध्याला बदली. काल दिवसभर विचार केला आणि आज सकाळी होकार लिहून दिला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे, पारा ४५ च्या आसपास. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. अशा वेळी कूलरसमोर बसून मनातलं लिहून काढावंसं वाटतं.

असं पत्र पूर्वीही एकदा आलं होतं. तेव्हा मोठी नुकती शाळेत जायला लागली होती, धाकटा रांगत होता आणि बदली चंद्रपूरला होती. मी नाही म्हटलं होतं. ऑफिसातल्या एका बाईंनी फार कळकळीनं समजावलं, अशी संधी पुन्हा येत नाही म्हणून. मला त्यांचं वाईट वाटलं नाही आणि माझ्या नकाराचंही कधी वाटलं नाही. याचं कारण काटोलची बाग आणि माझे सासरे.

सासऱ्यांची संत्र्याची बाग होती. आपल्याकडे संत्र्याला दोन बहर येतात. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं. मृगाची फुलं पावसाच्या सुरुवातीला येतात, त्याचं फळ फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. झाडाच्या अंगात दोन्ही घेण्याची ताकद असते असं वरवर पाहता वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी बाबांना विचारलं होतं की मग दोन्ही बहर का घेत नाहीत, उत्पन्न दुप्पट होईल. ते हसले नाहीत. मला झाडाजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, "सूनबाई, मृगाचं फूल निघते तेव्हा आंबियाचं फळ फांदीवरच असते. एक लेकरू पोटात, एक पाठीवर. दोन्ही धरले त दोन-चार वर्षांत झाड खंगते. एका झाडाचा एकच बहर धरावा, आणि धरला तो नीट धरावा."

चंद्रपूरच्या पत्रावर नाही लिहिताना माझ्या डोक्यात हेच होतं. त्या वर्षांचा बहर मी मुलांचा धरला होता.

आणि तो भरभरून आला. भादव्यात भुलाबाई (पोरींचा गाण्यांचा सण) बसली की महिनाभर, कोजागिरीपर्यंत, संध्याकाळ आमच्या अंगणात असायची. गाणी झाली की खिरापत ओळखायची वेळ. मोठी डबा कानाशी धरून हलवायची, डोळे मिटून. मुरमुरे असले तर आवाज कसा, दाणे-गूळ असला तर कसा, हे तिला पाठ. म्हणून मी एकदा खिरीची वाटी डब्यात ठेवली, हलवलं तरी आवाजच नाही. बाकीच्या पोरी वैतागल्या. ही मात्र डब्याच्या झाकणाला नाक लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वेलची आहे. आईनं आज दुपारी वेलची कुटली होती." ती आता पुण्यात नोकरी करते. तिथं तिला भुलाबाई माहीत असलेली मैत्रीण भेटली नाही, पण फोनवर माझ्या आवाजावरून माझं काय बिनसलंय ते ती अजूनही असंच ओळखते.

धाकट्याचा तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, असायचा. चाकं लावलेला लाकडी नंदी, शिंगांना बेगड, पाठीवर माझ्या जुन्या साडीच्या काठाची झूल. घरोघर फिरून बोजारा, म्हणजे नंदीसाठी मिळणारे पैसे, गोळा करायचा आणि घरी येऊन नाणी जमिनीवर ओळीनं मांडायची. त्याच दिवशी सकाळी मारबत बघायला जायचो, म्हणजे पीडा घालवायला मिरवत नेतात ती मोठी बाहुली. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तिच्या पायाशी लहान लेकरं टेकवतात, आजार-पीडा घेऊन जा म्हणून. मी दोन्ही मुलांना टेकवून आणलं होतं. आईच्या मनाला आधार कशाचा वाटेल हे बुद्धीला विचारून ठरत नाही, एवढंच म्हणते.

मुलं वाढवण्याबद्दल खरं शिकले ते मात्र बागेतल्या ताणाकडे बघून.

मृग बहर घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्यालाच ताण देणं म्हणतात. मे महिन्यात बागेत गेलं की माझ्या पोटात कालवायचं. पानं मलूल, वळलेली. विहिरीत पाणी असूनही बाबा देत नसत. आता पाणी दिलं तर नुसता पाला येईल, फूल येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण पाणी तोडून ते घरी बसले नाहीत कधी. रोज पहाटे बागेत फिरायचे, पानं बोटांत धरून बघायचे. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, हलक्या जमिनीत लवकर बसतो. त्यामुळे शेजाऱ्याचं पाणी अजून बंद आहे म्हणून आपलंही बंद ठेवावं, असं नसतं. पानगळ हाताबाहेर गेली तर फांदी वाळून तिची सल होते आणि सल झालेली फांदी कापूनच टाकावी लागते. ताण तोडतानाही एकदम पाट सोडत नसत. आधी हलकं आंबवणीचं पाणी, मग चिंबवणीचं, त्यानंतर भरपूर.

धाकट्यानं यंदा बारावी दिली. गेली दोन वर्षं आमच्या घरात सगळ्यांचीच परीक्षा होती. त्याच्या वर्गातली मुलं पहाटे क्लासला जायची, रात्री अभ्यासिकेत बसायची, आणि त्यांच्या आया मला विचारायच्या, "तुम्ही मोबाइल काढून नाही घेतला का?" नाही घेतला. माझ्या पोराची जमीन हलकी आहे, त्याला ताण लवकर बसतो. दहावीच्या वर्षी त्याचं जेवण कमी झालं होतं, रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा. ते मी बघितलं होतं. काही मुलं दडपणाखाली फुलतात, माझी मोठी तशी आहे. एकाच घरात दोन जमिनी असतात हे ज्या आईला कळतं तिला पुस्तकं वाचून वेगळं काही शिकावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याला भूशास्त्र घ्यायचंय. एका संध्याकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला गेलो तर तिथला काळा दगड हातात घेऊन मला सांगत बसला, "आई, हा लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपण त्याच्यावर उभे आहो." ह्यांना काळजी वाटते की यात पुढे काय. मलाही थोडी वाटते. पण त्या दगडाकडे बघताना त्याचा चेहरा जसा होता, तसा दोन वर्षांत मी पाहिला नव्हता. आम्ही दोघांनी ठरवलंय, त्याला हवं ते करू द्यायचं.

नातेवाइकांत समाधानाची मोजपट्टी वेगळी आहे. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाच्या मुलीनं फ्लॅट घेतला. ऐकून आनंदच होतो, खरंच होतो. मला खटकतं ते बायकांना सारखं सांगितलं जातं ते, की नोकरी, मुलं, घर, छंद, तब्येत, सगळं एकाच वेळी फुललेलं दिसलं पाहिजे. कशासाठी? झाडालाही आपण विश्रांती देतो.

मात्र हे लिहिताना माझ्या टेबलाशेजारच्या मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. नवरा लवकर गेला. दोन मुली, सासू, कर्ज. तिला निवड करायला कुणी जागाच दिली नाही, दोन्ही बहर तिला घ्यावे लागले. तिची कंबर आता वाकून चालल्यासारखी दिसते. दोन्ही बहर घेणाऱ्या झाडाला खत-पाणी जास्त लागतं, हे प्रत्येक बागायतदाराला कळतं. तिच्या वाट्याला ते कुणी घातलं नाही. मी एकच बहर धरू शकले, यात माझ्या शहाणपणापेक्षा ह्यांच्या पगाराचा आणि सासऱ्यांच्या बागेचा वाटा मोठा आहे. समाधानाची गोष्ट करताना एवढं तरी बोललं पाहिजे.

आता माझी फांदी मोकळी आहे. पन्नाशी ओलांडली, तरी अंगात कामाची हौस आहे. नव्या जागेवर हाताखाली माणसं असतील, निर्णय घ्यावे लागतील. भीती वाटते, आणि ती मला आवडतेय.

मोठीला फोन केला तर ओरडलीच. "आई, हो म्हणून टाकलंस? खरंच? साड्या घे आधी चार चांगल्या!" धाकटा शांतपणे म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ न, मी करतो काहीतरी खायचं." काहीतरी म्हणजे मॅगी हे मला माहीत आहे. म्हणून या रविवारपासून त्याला वरणाची फोडणी आणि भाजी शिकवायची आहे. पोळ्या जमल्या तर जमल्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला त्याला आजच बसवलं, त्यानं देठं सगळी टाकून दिली, उद्या पुन्हा बसवीन.

ह्यांनी वर्ध्याच्या गाड्यांच्या वेळा काढून ठेवल्या आहेत. अपडाऊन करणाऱ्या बायकांचा एक गट सकाळच्या गाडीला असतो म्हणे, डब्यात भाजी निवडत, गप्पा मारत जातात. त्यांना गाठायचं तर घरातून साडेसहाला निघावं लागेल. कणीक रात्रीच मळून ठेवीन.