उन्हाचे अलंकार आणि तव्यावरची आठ अक्षरं

भाचीच्या गाईडमध्ये सरळ लिहिलंय की ‘सारखा, जसा, समान’ दिसलं की उपमा लिहा, ‘जणू, गमे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा, झालं. मार्क मिळतात हो, पण पोरांना वाटतं अलंकार म्हणजे शब्द हुडकायचा खेळ, आणि कविता राहते बाजूला.

मी तिला म्हटलं, गाईड ठेव, बाहेर बघ. मे महिन्यातली जळगावची दुपार, पारा पंचेचाळीसला टेकलेला. आता बोल, ऊन आगीसारखं लागतंय. ही उपमा, ऊन वेगळं, आग वेगळी, मधे ‘सारखं’ नावाचा दलाल. ऊन जणू आगच, असं म्हटलंस की उत्प्रेक्षा, म्हणजे तुला तसा भास व्हायला लागला. ऊन म्हणजे आग, इथे दलाल गेला, दोन्ही एकच झाले, हे रूपक. आणि हे ऊन नाहीच, ही आग आहे, असं म्हणून उन्हालाच नाकारलंस की अपन्हुती. म्हणजे साम्य किती ताणायची तुझी हिंमत आहे एवढाच प्रश्न. ती लगेच म्हणे, मावशी, गच्चीवर पापड टाकला तर तळून निघेल! आली ना अतिशयोक्ती, कुणी न शिकवता.

बहिणाबाईंकडे हा फरक फार मस्त दिसतो. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ यात ‘जसा’ आहे, म्हणजे उपमा, आणि पुढे हाताला चटके, मग भाकर, असं सगळं पटवून दिलंय. पण ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ इथे ‘जसं’ वगैरे काही नाही, मन थेट ढोरच. मला विचाराल तर दुसरी ओळ जास्त भारी, ज्याने हाकलून हाकलून परत पिकात शिरणारं ढोर बघितलंय त्याला ‘सारखं’ लागतच नाही. (आणि सरसकट सगळे अहिराणी म्हणतात, पण बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे, एवढं तरी लक्षात ठेवा राव.)

आता छंद. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, परत आठ. ‘ल्ह्या’ कितीही जोडलेला असला तरी अक्षर एकच, पोरं नेमकी इथे अडकतात आणि नऊ मोजतात. मन वढायवालीही मोजा, आठच. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात काम करता करता गाणी जुळायची, १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकात आली. म्हणजे ही आठ अक्षरं कागदावर मोजलेली नाहीत, जात्याच्या फेऱ्यात बसवलेली आहेत.

ज्ञानेश्वरांची ओवी मात्र वेगळी, तिथे अक्षरांचा आकडा पक्का नाही, पहिले तीन चरण यमकात बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’. यमक बघा कुठे आहे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, विटेवरी-कटावरी, आणि शेवटची चार अक्षरं कशी थबकून उभी राहतात.

‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हे भुजंगप्रयात वृत्त, ओळीत बारा अक्षरं, पण इथे नुसता आकडा जुळून भागत नाही, लघु-गुरूचा, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा, क्रमही लागतो, य-य-य-य, म्हणजे एक लघु दोन गुरू, चार वेळा. हे आधी म्हणून बघायचं, लगावली, म्हणजे लघु-गुरूची मांडणी, नंतर. भाचीने तोंडाने म्हटलं तेव्हा तिला ‘सज्जना’तला ‘स’ गुरू का, हे विचारावंही लागलं नाही, पुढच्या जोडाक्षराचा जोर जिभेलाच कळला.