मालबाची सुट्टी मंगळवारी

ब्युनोस आयरेसला जाणारे बरेच जण शेवटच्या दिवशी "वेळ उरला तर" म्हणून मालबा हे कलासंग्रहालय ठेवतात, आणि नेमका तो दिवस मंगळवार निघतो. मालबा मंगळवारी बंद असतं. सान तेल्मो भागातलं मोदेर्नो हे आधुनिक कलेचं म्युझियमसुद्धा मंगळवारीच बंद. बेयास आर्तेस, म्हणजे तिथलं राष्ट्रीय कलासंग्रहालय, सोमवारी बंद. त्यामुळे मालबा आणि बेयास आर्तेस एकाच दिवसात करायचं तर बुधवार ते रविवार एवढेच वार हातात राहतात. आणि ही दोन्ही एकाच दिवसात करावीत, असं माझं ठाम मत आहे. का, ते पुढे येईलच.

मालबा म्हणजे लॅटिन अमेरिकन कलेचं म्युझियम. एदुआर्दो कोस्तान्तिनी या उद्योजकाने आपला संग्रह देऊन ते उभं केलं. सप्टेंबर २००१ मध्ये ते उघडलं आणि तीन महिन्यांत अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, पण म्युझियम टिकलं. इमारत पालेर्मो भागात, आवेनिदा फिगेरोआ अल्कोर्ता ३४१५ इथे आहे. दाराशी भुयारी रेल्वेचं स्टेशन नाही. 'डी' लाइनच्या बुल्नेस स्टेशनवर उतरून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, किंवा सरळ बस धरायची. वाटेतले रस्ते प्रचंड रुंद आहेत. एका सिग्नलमध्ये पलीकडे पोचू, असं धरून पळू नका.

वेळ दुपारी १२ ते रात्री ८. बुधवारी तिकीट निम्म्या दरात मिळतं, म्हणून बुधवारी गर्दी. विद्यार्थी, शिक्षक आणि ज्येष्ठ नागरिकांना इतर दिवशीही सवलत असते, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. तिकिटाचा आकडा इथे मुद्दाम देत नाही. अर्जेंटिनात महागाई अशी पळते की सहा महिन्यांपूर्वीचा आकडा रद्दी होतो. जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघा, आणि तिथेच दुसरी गोष्टही बघा: तुम्हाला हवं असलेलं चित्र सध्या घरी आहे का.

हा दुसरा मुद्दा लोक विसरतात. मालबाचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे ब्राझीलची चित्रकार तार्सिला दो अमाराल हिचं 'आबापोरू'. १९२८ चं, तैलरंगातलं, जेमतेम ८५ सेंटिमीटर उंच. एक नग्न माणूस बसलेला, पाऊल अवाढव्य, डोकं सुपारीएवढं, शेजारी निवडुंग, आणि सूर्य संत्र्याच्या चकतीसारखा. तार्सिलाने ते नवऱ्याला, कवी ओस्वाल्द द आंद्रादला, वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. तुपी-ग्वारानी भाषेतल्या या नावाचा अर्थ 'माणूस खाणारा माणूस'. त्यातूनच ओस्वाल्दला जाहीरनामा सुचला: युरोपची नक्कल करू नका, युरोपला खाऊन पचवा. ब्राझीलच्या आधुनिक कलेचं हे जणू कुलदैवत, आणि ते टांगलंय अर्जेंटिनात. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात कोस्तान्तिनीने ते सुमारे १४ लाख डॉलरला घेतलं. याची सल ब्राझीलमध्ये आजही आहे, त्यामुळे ते उसनं मागायला येणाऱ्यांची रांग संपत नाही. २०१६ च्या ऑलिंपिकच्या वेळी ते रिओला गेलं होतं, २०१९ मध्ये साओ पावलोला. ते जागेवर नसेल तर तिकीट खिडकीवरचा माणूस आपण होऊन सांगणार नाही, आपणच विचारायचं.

आता दिवसाची आखणी. सकाळी बेयास आर्तेस उघडलं की आत शिरा आणि एर्नेस्तो दे ला कार्कोवाचं 'सिन पान इ सिन त्राबाखो' शोधा. नावाचा अर्थ 'भाकरीविना, कामाविना'. १८९४ चं चित्र, दोन मीटरहून जास्त रुंद. अंधाऱ्या खोलीत एक कामगार टेबलावर मूठ आपटून खिडकीबाहेर बघतोय. टेबलावर अवजारं निकामी पडलेली. शेजारी बायको, तिच्या कुशीत तान्हं मूल. बाहेर कारखाना आहे, धुरांडी थंड. या चित्रासमोर दहा मिनिटं द्या आणि टेबलाची ती भाकरी नसलेली लाकडी फळी नीट लक्षात ठेवा.

मग बाहेर पडून फिगेरोआ अल्कोर्ताने मालबाकडे चालत निघा. अंतर साधारण दोन किलोमीटर. सुरुवातीलाच 'फ्लोरालिस हेनेरिका' लागतं, ॲल्युमिनियम आणि पोलादाचं २३ मीटर उंच फूल. वास्तुकार एदुआर्दो कातालानोने ते २००२ मध्ये शहराला भेट दिलं. फोटो काढा आणि पुढे चला. नोव्हेंबरात गेलात तर शहरभर जाकारांदा जांभळा होऊन फुललेला असतो, तेव्हा हे अंतर जाणवत नाही.

मालबात मोठी बॅग बाहेर ठेवायला लावतात. पाठीवरची लहान सॅक असेल तर ती पुढे घ्यायला सांगतात. फ्लॅश चालत नाही. चित्रांशेजारच्या पाट्या स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीतही असतात, त्यामुळे गाइड घेण्याची गरज नाही.

सरकत्या जिन्याने वर जा आणि सकाळच्या चित्राचा धागा इथे पकडा. अर्जेंटिनाचा चित्रकार आंतोनियो बेर्नी याचं 'मानिफेस्तासियोन', म्हणजे 'मोर्चा', १९३४. म्हणजे कार्कोवानंतर बरोबर चाळीस वर्षांनी. उंची १८० सेंटिमीटर, रुंदी जवळपास अडीच मीटर. आधी लांबून बघा: चेहऱ्यांची भिंत. रस्ता माणसांनी ठासून भरलाय, दूर मागे एक फलक वर धरलेला, त्यावर 'पान इ त्राबाखो', भाकरी आणि काम. कार्कोवाचा माणूस घरात एकटा मूठ आपटत होता, बेर्नीने त्याला रस्त्यावर आणून हजारात उभं केलं. फलकावर तेच दोन शब्द आहेत, फक्त आधीचं 'विना' गेलंय.

आता पुढे सरका, पण दोरी किंवा जमिनीवरची रेघ असेल तर तिच्या अलीकडेच थांबा. रंगाखालचं विणकाम दिसेल. हा कॅन्व्हास नाही, गोणपाट आहे, आणि रंग तैल नाही, टेम्परा आहे, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात कालवलेला. आपल्याकडे बाजार समितीत धान्याच्या थप्प्या लागतात ना, त्याच जातीचं तरट. टेम्परा कोरडा आणि बिनचमकीचा बसतो, गोणपाटाची खरखर लपवत नाही, त्यामुळे चेहऱ्यांची कातडी उन्हातान्हात रापल्यासारखी वाटते. मोबाइलवर यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

गोणपाटच का, याच्यामागे एक वाद आहे. १९३३ मध्ये मेक्सिकोचा भित्तिचित्रकार दाविद आल्फारो सिकेइरोस अर्जेंटिनात आला आणि म्हणू लागला की चित्र रस्त्यावरच्या भिंतींवर काढा, सलोनमधली, म्हणजे प्रदर्शनाच्या दालनातली, चित्रं मेली. बेर्नीने त्याच्याबरोबर एक भित्तिचित्र केलं खरं, पण ते झालं एका वृत्तपत्र-मालकाच्या बंगल्याच्या तळघरात! बेर्नीचा निष्कर्ष रोखठोक होता: श्रीमंत लोक आणि सरकार आपल्याला भिंती देणार नाहीत. मग भिंतीएवढं चित्र गुंडाळून नेता येईल असं काढायचं. गोणपाट स्वस्त, मोठं आणि हलकं.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा कालो हिच्यासाठी येणाऱ्यांना सूचना: चित्रं लहान आहेत. माकड आणि पोपटाबरोबरचं १९४२ चं आत्मचित्र सुमारे ५५ बाय ४३ सेंटिमीटर. कोस्तान्तिनीने २०२१ मध्ये ३ कोटी ४९ लाख डॉलरला घेतलेलं 'दिएगो आणि मी' तर शाळेच्या वहीएवढं, ३० बाय २२ च्या आसपास. एवढ्याशा चित्रासमोर दहा माणसं फोन उंच करून उभी राहिली की काहीही दिसत नाही. दुपारी उघडल्या उघडल्या किंवा शेवटच्या तासात जा. नेहमीचं दालन कधी कधी नव्याने मांडतात, तेव्हा आधी दारात विचारा की फ्रिडा कुठे आहे.

शूल सोलार आणि तोर्रेस-गार्सिया या चित्रकारांकडेही वळा, पण थकवा आला असेल तर जबरदस्ती नको. पाब्लो रेइनोसोचा 'एन्रेदामादेरास' नावाचा बाक मात्र चुकवू नका. साध्या लाकडी बाकाच्या पट्ट्या टोकाशी वेलीसारख्या सुटून वळत गेल्या आहेत. पाय दुखत असतील तर त्याला पाहून हसू येईल, कारण तोपर्यंत आपल्याला नुसता बाकच हवा असतो.

खाण्याचं. शाकाहारींनी मेदियालुना या छोट्या क्रॉसाँच्या बाबतीत सावध राहावं. 'दे ग्रासा' म्हणजे चरबीतलं, 'दे मान्तेका' म्हणजे लोण्याचं. मेक्सिकोत मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, अर्जेंटिनात लोणी, त्यामुळे तिकडून आलेल्या मित्राचा सल्ला इथे उलटा पडतो. एम्पानादा म्हणजे तिकडची करंजी. त्यात 'उमिता' मागितली की मक्याचं सारण मिळतं.

भारतातून जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. अर्जेंटिनात शिरताना कोणी विचारत नाही, विचारतात मुंबईला परतल्यावर. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

बेर्नीने सिकेइरोसबरोबर केलेलं ते तळघरातलं भित्तिचित्र आज कासा रोसादाच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या, मागच्या म्युझियममध्ये आहे. ते तुकडे करून काढलं होतं आणि बरीच वर्षं कंटेनरमध्ये पडून होतं. प्रवेश फुकट आहे. मालबा बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे जा. ज्याला भिंत मिळाली ते चित्र करवतीने कापून हलवावं लागलं, आणि गोणपाटावरचं तुम्ही आदल्या दिवशी धडधाकट पाहिलेलं असेल.