ज्येष्ठता यादीत आपल्या वर कोण आहे?

रविवार, रात्री

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांपैकी एक निवडायची वेळ आली की तरुण वैमानिक आधी पगाराचे तक्ते पाहतात. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकनचे तक्ते आता इतके जवळ आलेत की त्यावरून फारसं काही ठरत नाही. शिवाय पगाराच्या पायऱ्या बाराव्या वर्षी संपतात, ज्येष्ठता क्रमांक, म्हणजे कंपनीत रुजू होण्याच्या क्रमाने लागणाऱ्या यादीतली जागा, मात्र शेवटच्या उड्डाणापर्यंत चिकटलेला असतो. बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), विमान, कॅप्टनची खुर्ची, नाताळची सुट्टी की रिझर्व्हवर, म्हणजे राखीव राहून, फोनची वाट, हे सगळं त्याच्यावर. कंपनी बदलली तर कितीही अनुभव असो, क्रमांक पुन्हा तळाचा.

म्हणून हिशेब वयाचा करावा. निवृत्ती 65 ला सक्तीची आहे. आपल्या वरचे किती जण कोणत्या वर्षी 65 चे होतात, ते वर्षवार मांडायचं. समजा, यादी 16,000 ची, आपण 15,200 वर आणि दहा वर्षांत वरचे 5,500 जाणार. क्रमांक होईल 9,700. यादी तेवढीच राहिली तर आपण वरून 61 टक्क्यांवर (आकडा जितका लहान तितकं चांगलं), 19,000 झाली तर 51 वर, 14,500 वर आली तर 67 वर. दुसऱ्या कंपनीत यादी 10,000 ची, आपण 9,500 वर, पण वरचे लोक तरुण. दहा वर्षांत 2,000 च जाणार. म्हणजे 75 टक्के. सुरुवातीचा क्रमांक लहान असूनही ही जागा वाईट!

2022-23 च्या मोठ्या भरतीने हाच घोळ केला आहे. त्यानंतर येणाऱ्याच्या वर त्याच्याच वयाचे शेकडो जण बसलेत. ते त्याच्याआधी निवृत्त होणारच नाहीत. 2024 मध्ये युनायटेड आणि साउथवेस्टने भरती रोखली, तेव्हा खालून भरही थांबली.

गणित कायद्यानेही मोडतं. डिसेंबर 2007 मध्ये वयोमर्यादा 60 वरून 65 झाली. वरचे लोक पाच वर्षं जागचे हलेनात आणि लगेच मंदी आली. 67 चा प्रस्ताव 2024 मध्ये अमेरिकन संसदेत बारगळला, तरी तक्ता दोन वर्षं पुढे सरकवूनही मांडून पाहावा.

विलीनीकरणाचा, म्हणजे दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र होण्याचा, धोका मला सर्वांत मोठा वाटतो. 2001 मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए घेतली आणि तिथले बरेच वैमानिक यादीच्या तळाशी गेले. 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. लवाद निकोलाव यांनी 2007 मध्ये दिलेली यादी कधीच लागू झाली नाही. यूएस एअरवेजच्या बहुसंख्य वैमानिकांनी ती नाकारून वेगळी संघटनाच काढली. आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं असंच झालं. 2012 चा संप ड्रीमलाइनरच्या प्रशिक्षणावरून पेटला, पण मुळाशी तोच वाद होता. दुबळ्या कंपनीतल्या चांगल्या क्रमांकाला म्हणूनच मी पूर्ण किंमत देणार नाही.

आणि एकूण टक्केवारीवर थांबू नये. साउथवेस्टकडे फक्त बोइंग 737 ही मध्यम आकाराची विमानं, म्हणजे तिथे क्रमांक वाढला की बेस, खुर्ची आणि वेळापत्रक सुधारतं. लांब पल्ल्याचं मोठं विमान मिळत नाही. इतरत्र एकूण 50 टक्क्यांवरचा वैमानिक लहान बेसवर कॅप्टन असतानाही रिझर्व्हमध्ये अडकू शकतो, आणि तोच फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) राहिला तर हवी ती लाइन, म्हणजे महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक, उडवू शकतो. राहायचं ते शहर आणि हवी ती खुर्ची यांच्यापुरती वेगळी यादी काढून वयाचा हिशेब तिथेही करावा.