गारपिटीनंतर गच्चीवरची बाग

इंदुरात गच्चीवर बाग करणाऱ्यांची खरी धावपळ फाल्गुनात असते. थंडीतली पिटुनिया आणि फ्लॉक्स संपत आलेली असतात, टोमॅटोचा शेवटचा बहर चालू असतो, आणि त्याच वेळी उन्हाळी भाज्यांच्या बिया घालायच्या असतात. गिलकी, दुधी, काकडी, भेंडी यांची रोपं मार्चमध्ये नीट वर आली नाहीत तर एप्रिलचं ऊन त्यांना सोसत नाही. मोगऱ्याची छाटणी त्याआधीच झालेली असते आणि त्याला लालसर कोवळे धुमारे आलेले असतात. यंदा सगळं वेळेवर झालं होतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली, राजवाड्याचा परिसर धुऊन निघाला, आणि त्यानंतर एका दुपारी पश्चिमेकडून गारा आल्या.

माळव्यात मार्चमध्ये गारा पडणं तसं नवीन नाही. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, सरकतो, त्याच वेळी समुद्राकडून दमट हवा येते आणि जमीन तापू लागलेली असते. खालची गरम हवा जोरात वर चढते, पण वर अजून गोठवणारा गारवा असतो. पावसाचे थेंब वर फेकले जातात, गोठतात आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वर जाणारा वारा पेलू शकतो तोवर गार ढगातच वाढते, जड झाली की खाली येते. गच्चीच्या दारात पडलेली एक मोठी गार लेकीने सुरीने अर्धी केली. आत कांद्यासारखे पदर होते, एक दुधी, एक काचेसारखा नितळ. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर पांढरा दिसतो. सावकाश गोठलं तर हवा निघून जाते आणि थर पारदर्शक होतो. तिला हे सांगेपर्यंत सुरीवरचं पाणी ओघळून गेलं होतं.

गारा थांबल्यावर पहिलं काम होतं कुंड्यांमधला बर्फ काढण्याचं. इथली काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात बर्फ वितळत राहिला की मुळांना थंडीही लागते आणि हवाही मिळत नाही. मी हाताने, मग डस्टपॅनने गारा उचलून बादलीत टाकल्या आणि कुंड्या एका बाजूला कलत्या करून खालची भोकं काडीने मोकळी केली. पाण्याच्या माऱ्याने मातीचा वरचा थर थापून काढल्यासारखा घट्ट बसला होता. तो मात्र लगेच उकरला नाही. ओल्या काळ्या मातीत खुरपं घातलं की ढेकळं होतात. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर, बोटभर खोल हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग पाहवत नव्हती. भोपळ्याच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. टोमॅटोच्या खोडांवर पश्चिमेच्या बाजूला, फक्त त्याच बाजूला, सोलल्यासारखे पांढरे वण होते. कढीलिंबाचा शेंडा लोंबत होता. सासूबाई चहाचा कप घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "काढून टाक गं सगळं. नव्याने लाव." तसं करावंसं मलाही वाटलं. पण आमच्या गल्लीत शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांना आधी बोलावलं. ते कुंड्यांमधून हळूहळू फिरले, दोन-तीन फांद्या वाकवून बघितल्या आणि म्हणाले, "तुटून लोंबतंय तेवढंच काप. बाकीला आठवडाभर कात्री लावू नकोस. फाटलेलं पानसुद्धा झाडाचं पोट भरतं."

हे वाक्य मी त्यानंतर किती जणींना सांगितलं असेल. गारपिटीत पानं जातात, पण मुळं शाबूत असतात, खोडात साठा असतो आणि प्रत्येक पेरावर झोपलेला डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, असतो. शेंडा मोडला की खालचे डोळे जागे होतात. कोणती फांदी जगणार आणि कोणती वाळणार, हे पहिल्या दिवशी नुसतं बघून कळत नाही. घाईने छाटलं तर जगणारी फांदीही जाते.

थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असं नव्हे. जखम झाली की तिथून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. लिंबाच्या सालीला मार बसला होता आणि लिंबावरचा खैऱ्या रोग नेमका अशाच जखमांतून, वाऱ्यापावसाबरोबर पसरतो. म्हणून लिटरभर पाण्यात अडीच-तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक मिसळून, पानं कोरडी झाल्यावर संध्याकाळी फवारलं, तेही लिंबू, गुलाब आणि मोगऱ्यावर. मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्या लांब ठेवल्या होत्या. ज्या पानांची भाजी आठवड्यात ताटात येणार, त्यांच्यावर मी तांबं मारत नाही.

दोन गोष्टींकडे लोकांचं लक्ष जात नाही असं मला वाटतं. पहिली म्हणजे पाणी. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी ओढतं. नेहमीच्या सवयीने रोज झारी ओतली तर गारांतून वाचलेलं झाड मुळं कुजून जातं. मी बोट मातीत खुपसून बघायची आणि ओल लागली तर तसंच परतायची. दुसरी गोष्ट ऊन. वादळानंतर चार दिवसांत आभाळ स्वच्छ झालं आणि पारा चढला. पानांच्या सावलीत वाढलेली खोडं आणि फळं एकदम उघडी पडली होती, ती भाजतात. सासूबाईंच्या दोन जुन्या सुती साड्या दोरीवर ताणून दुपारपुरती सावली केली. खतही दिलं नाही. युरियासारखं नत्र दिलं तर लुसलुशीत पालवी फुटते आणि त्यावर मावा ही रस शोषणारी कीड तुटून पडते.

वेलांची गोष्ट वेगळी. दोन पानांवर असलेली गिलकी आणि काकडी मुळापासून चेचली गेली होती. वाढीचा शेंडाच गेला तर एवढ्याशा रोपात खालून फुटायला डोळा राहत नाही. तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. बिया रात्रभर भिजवून कागदी पेल्यांत नव्याने घातल्या. काकडीवर्गाच्या मुळांना हलवलेलं खपत नाही, म्हणून रोपं मोठी झाल्यावर पेला बुडाशी फाडून तसाच कुंडीत बसवला. माती आता गरम होती, त्यामुळे बिया फेब्रुवारीपेक्षा लवकर वर आल्या. गिलकीचं बी टणक असतं, तिला दोन दिवस जास्त लागले.

पडलेले टोमॅटो हिरवे होते. न चिरलेले गवतात ठेवले, चिरलेल्यांची त्याच दिवशी तीळ आणि लसूण घालून चटणी केली.

त्या आठवड्यात आमचा दूधवाला इंदुराजवळच्या सांवेरकडून उशिरा यायचा. "गेहूँ आड़े पड़ गए, भाभी, चना झड़ गया," एवढंच तो बोलला. त्याचा गहू कापणीला आला होता. लोळलेला गहू कापता येतो, पण मजुरी वाढते आणि भिजलेल्या दाण्याची चमक गेली की मंडीत भाव पडतो. माझ्या कुंड्यांना दुसरी संधी होती, त्याच्या हरभऱ्याला यंदा ती नव्हती. त्याच्यापुढे बागेबद्दल बोलणं मला नको वाटलं. त्या महिन्याचे पैसे मी त्याला आधीच देऊन टाकले.

आता पाचोळ्याचं. गल्लीतून पोती भरभरून तुटकी पानं-फांद्या निघाल्या आणि कचऱ्याच्या गाडीत जायला लागल्या. मला ते बघवेना. जगभर ज्या कंपोस्टला 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखतात, ते याच शहरात तयार झालं. १९२४ साली इथे ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी संशोधन संस्था उभी केली आणि १९३१ पर्यंत यशवंत वाड यांच्यासोबत शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत बसवली. आजचं शेतकी कॉलेज त्याच जागी आहे. रीत अगदी साधी आहे: वाळलेला आणि हिरवा पाला एकत्र करून थर द्यायचा, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, मग पाण्याचा शिडकावा, आणि पुन्हा तेच. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलथायचा. तीन महिन्यांत खत.

शेजारच्या काकूंनी गोठ्यातून शेण आणून दिलं, राख एका ढाबेवाल्याकडून मिळाली. आमच्या मागच्या अंगणात कमरेएवढा ढीग झाला. ओल्या पाल्यामुळे सुरुवातीला वास आला, तेव्हा गव्हाचा भुसा मिसळून हवा खेळती केली. पहिल्यांदा उलथताना आतून वाफ निघाली आणि हात घालवेना इतकं गरम लागलं. काम बरोबर चाललं आहे याची तीच खूण.

पाडव्याला कढीलिंबाच्या मोडक्या शेंड्याखाली तीन फुटवे दिसले. टोमॅटोने वणांच्या वर नवी फांदी काढली, फळं लहान आली पण आली. मोगरा कोवळ्या फुटीवर फुलतो, त्यामुळे मोडलेल्या प्रत्येक काडीला दोन-दोन धुमारे येऊन तो उशिरा, पण भरघोस फुलला. गुलाबाची एक फांदी काळी पडत खाली आली, ती जिवंत हिरव्या भागापर्यंत कापली. भोपळा गेला.

हिरवी जाळी आपण एप्रिलमध्ये उन्हासाठी बांधतो. पुढच्या वर्षीपासून ती महाशिवरात्रीलाच चढवायची, सपाट न ठेवता उतरती, म्हणजे गारा साठून जाळी फाटणार नाही. बांबू काकांनी आणून ठेवलेत. कंपोस्ट पावसाच्या आत चाळून होईल. त्यातलं एक पोतं दूधवाल्याने मागितलं आहे, लसणाच्या वाफ्यासाठी.