आमची वाटचाल: गॅस तुमचा, रोज आमचा

२०१२ च्या दसऱ्याला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही पोळी केंद्र सुरू केलं, तेव्हा मजुरीचा सगळा हिशेब एका शंभरपानी वहीत मावायचा. पोळीला साठ पैसे. दहा पोळ्यांची एक चळत, चळतीला वहीत एक उभी रेघ. करपलेली धरायची नाही, फाटलेली धरायची नाही. बायका किसननगर, लोकमान्यनगरच्या. हात बसलेली बाई सकाळी सहा ते बारापर्यंत चारशे पोळ्या उरकते. जितकं काम तितका दाम, याहून सरळ व्यवहार नाही, असं मला मनापासून वाटायचं.

गिऱ्हाईक मिळत गेलं. इस्टेटमधल्या जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती येत होत्या आणि त्यातल्या कँटीनवाल्यांना पोळ्यांची कटकट नको होती. भाजी-आमटी त्यांची, पोळी आमची. बघता बघता रोजच्या तीन हजारांवर गेलो.

मग एका सकाळी गॅस संपला. कोपऱ्यातला दुसरा सिलिंडर भरलेला आहे असं मी धरून चालले होते, तो हलवला तर रिकामा. दीड तास आठ बायका भिंतीला टेकून बसल्या. दुपारी वही मिटताना मावशी, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची आमची सगळ्यात जुनी बाई, म्हणाली, "ताई, गॅस तुमचा संपला, मग रोज आमचा का बुडला?"

आमच्या हिशेबनिसांना विचारलं तेव्हा कळलं की मी मुळातच चुकले होते. मजुरी नगावर द्या नाहीतर तासावर, कामावर हजर असलेल्या माणसाला किमान वेतनाच्या खाली ठेवता येत नाही. तेव्हाच्या, १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच ते होतं. ठरलेलं मूळ वेतन, त्यावर महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला विशेष भत्ता, तो जानेवारीत आणि जुलैत बदलणार. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी, परिमंडळ, म्हणजे सरकारने पाडलेला विभाग, बदललं की दर वेगळा, जादा तासांना दुप्पट. पोळी लाटणं कुशल की अकुशल, असं मी विचारलं. उत्तर दिलं नाही त्यांनी, पण जाताना दोन डझन पोळ्या घरी नेल्या.

२०१६ पासून आम्ही महिन्याचा पगार सुरू केला, आठवड्याची भरपगारी सुट्टी धरून. तोवर रुपयावर आलेली पोळीमागची मजुरी पावणेदोनच्या घरात गेली. चपातीचं यंत्रही बघून आलो. त्यातून निघालेली पोळी गार झाली की पापड. त्यापेक्षा कणीक मळायचं यंत्र घेतलं आणि बायकांचे खांदे वाचले.

मजुरी वाढली म्हणून आम्ही अडचणीत आलो का? आलो, हे कबूल. पण नेमके कुठे, ते सांगते. एका मोठ्या कँटीनशी दोन वर्षांचा करार होता, पोळी साडेचार रुपये. त्या दोन वर्षांत भत्ता चारदा बदलला, पोळी साडेचारलाच. नूतनीकरणाच्या वेळी पन्नास पैसे वाढवून मागितले, तर समोरून दुसऱ्या कुणाचं तीन रुपये नव्वद पैशांचं कोटेशन दाखवलं. त्या दरात पिठाचे, तेलाचे, गॅसचे पैसे सुटतात. किमान वेतन कुठून सुटतं ते मला आजही कळलेलं नाही. रोजच्या बाराशे पोळ्या गेल्या. दोघींना निरोप द्यावा लागला. त्यातली एक अजून बोलत नाही माझ्याशी.

लघुउद्योजकांच्या बैठकीत किमान वेतनाचा विषय निघाला की चहा येण्याआधीच दोन तट पडतात. कामगार संघटनांची मागणी महिन्याला २६,००० ची आहे. तो आकडा ऐकून आमच्यातले काहीजण खुर्चीच मागे सरकवतात. एकोणीस माणसांवर मुद्दाम थांबलेलेही तिथे असतात, विसावा आला की भविष्य निर्वाह निधी लागू होतो म्हणून. माझ्यापुरतं म्हणाल तर दर वाढू दे, फक्त तीन रुपये नव्वदवाल्यालाही तो तितकाच द्यायला लावा. तपासणी होते ती वह्या-रजिस्टरं ठेवणाऱ्याची. ज्याच्याकडे वहीच नाही, त्याचं काय तपासणार?

आणि किमान म्हणजे किती, हे ठरतं कसं तेही एकदा बघावं. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत सूत्र ठरलं: कुटुंब म्हणजे तीन एकक. कामगार १, बायको ०.८, दोन मुलं ०.६ प्रमाणे. एककाला रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, शिवाय इंधन-दिवाबत्तीचे २० टक्के. शिक्षण-औषधपाण्याचे २५ टक्के सर्वोच्च न्यायालयाने धरायला लावले ते १९९१ मध्ये. हे मी दुपारच्या चहाला वाचून दाखवलं. आमच्याकडे कामाला सगळ्या बायकाच, त्यातल्या तिघींच्या घरात कमावणारी ती एकटी. मावशीने विचारलं, "मग मी एक का पॉइंट आठ? आणि सासूबाई कितीच्या?" सासूबाई त्या सूत्रात नाहीतच.

गेल्या दोन करारांत मी एक ओळ घालून घेतली आहे: विशेष भत्ता बदलला की पोळीचा दरही त्या प्रमाणात बदलेल. एका कँटीनवाल्याने ती खोडली, त्याला आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्याने सही केली, वर म्हणाला, "ताई, मग पोळी मऊच लागेल." सरकारी दरपत्रक आता पिठाच्या पिंपावर चिकटवलेलं असतं. जुलै उजाडला की मीठ आहे का हे बघायच्या आधी मावशी विचारते, "नवा कागद आला का?"