ताडपत्रीखाली कोंडलेली कॅनू

मे महिन्यात ताडपत्री उचलली आणि कुबट वास नाकात शिरला. कॅनव्हासवरच्या हिरव्या रंगाला फोड आले होते, आत सीडरच्या फळ्यांवर काळे ठिपके. नाळेच्या, म्हणजे टोकाच्या वळणदार लाकडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो अर्धा इंच आत गेला.

ही सोळा फुटी कॅनू, म्हणजे लाकडावर कॅनव्हास ताणलेली वल्ह्याची अरुंद होडी, मी इथे, ऑन्टारियोतल्या पीटरबरोत, एका वयस्कर शेजाऱ्यांकडून घेतली होती. पहिल्याच हिवाळ्यात तिला गवतावर पालथी घातली आणि ताडपत्री घट्ट आवळली. बर्फापासून जपतोय असंच वाटलं. जमिनीतली ओल वर चढली आणि तिथेच कोंडली. मालवणला माझे आजोबा पावसाळ्याआधी होडी वर ओढून ओंडक्यांवर ठेवायचे, काजूच्या टरफलांचं तेल लावायचे, वर झावळ्यांचं छप्पर घालायचे. बाजू मात्र मोकळ्या. लहानपणापासून हे बघूनही मी वारा अडवला, याचं अजून वाईट वाटतं.

काठाच्या पट्ट्या सोडवल्या, खिळे उपटले, कॅनव्हास उतरवला. दोन्ही टोकांना वाळू आणि पाइनच्या सुया साचल्या होत्या. ओल धरून ठेवायला तेवढं पुरतं. सांगाडा तीन आठवडे सावलीत वाळवला. नाळेचा कुजका भाग कापून अ‍ॅशच्या लाकडाचा तुकडा तिरका सांधला. फळ्यांना टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं जवसाचं तेल पाजलं. (तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतो. मी त्या बाहेर दोरीवर पसरून वाळवल्या.)

नवा कॅनव्हास 10 नंबरचा सुती. खरी मेहनत त्यातली वीण बुजवण्यात. जवसाचं तेल आणि सिलिका यांचा लगदा हातमोजा घालून गोल गोल चोळायचा, वीण दिसेनाशी होईपर्यंत. सूत आणि जवसाचं तेल, दोन्ही बुरशीचं खाद्यच. पूर्वी या लगद्यात पांढरं शिसं घालत, त्याने बुरशी दूर राही. पण ते विषारी. मी बिनशिशाचा, बुरशीनाशक घातलेला लगदा घेतला. मग सहा आठवडे थांबलो. हे थांबणं फार जड गेलं. रोज जाऊन नख लावून बघायचो. ओल्यावर रंग चढवला, तर आतलं तेल नीट वाळत नाही.

आता तळ्यावरून आलं की आधी स्पंजने वाळू काढतो, टोकं कोरडी पुसतो. हिवाळ्यात ती शेडमध्ये सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर पालथी असते, जमिनीपासून दोन फूट वर. ताडपत्री फक्त कॅम्पला, तीही दोरीवर ताणून, कॅनूला न टेकता.